भर दुपारची रात्र

परवा माझ्या माहेरी, वैशाखऱ्याला गेले होते. चुलतभावाच्या नातवाचं लग्न. माळशेजच्या पायथ्याला आता सिमेंटची घरं झालीत, पण डोंगर आहे तिथंच आहे आणि चैत्रात करवंदीच्या जाळ्यांना येतो तो वासही तोच आहे. मांडवाला लागून असलेल्या एका घरात टीव्हीच्या कसल्याशा मालिकेचं शूटिंग चाललं होतं. त्यामुळे नवरा-नवरीकडे पाठ करून अर्धं वऱ्हाड तिकडेच. मीही गेले. खोटं कशाला बोलू!

घराच्या खिडक्या काळ्या कापडानं बंद केलेल्या. एक पोरगा भल्यामोठ्या दिव्याच्या तोंडाला निळा कागद लावत होता. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी.

"हे काय रे?" मी विचारलं.

"जिलेटिन, आजी. निळं लावलं की रात्र होते."

"आत्ता सकाळचे अकरा वाजलेत."

"म्हणून तर लावतोय," तो हसून म्हणाला आणि उरलेल्यातला एक तुकडा माझ्या हातात दिला. मी तो नाकाशी नेला. कसलाच वास नाही. प्लास्टिक! पाण्यात विरघळायचं नाही, मुंग्या लागायच्या नाहीत, घामाच्या बोटाला चिकटायचं नाही. मी तुकडा त्याच्या हातात परत कोंबला आणि म्हटलं, "दिवस असेल तर दिवस दाखवावा माणसानं. लोकांच्या डोळ्यांत धूळ कशाला?" भाची मला दंडाला धरून मांडवात घेऊन आली. म्हणाली, "मावशी, त्या पोरावर कशाला चिडलीस?"

मी त्या पोरावर चिडले नव्हते. मी चिडले होते दामूमामावर, आणि दामूमामाला जाऊन तीस वर्षं झाली.

*

दामूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तिचं माहेर खर्डीजवळच्या एका पाड्यावर. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधी मामा खर्डीला आगगाडीत बसला आणि मुंबईत एका सिनेमाच्या स्टुडिओत दिवे उचलायच्या कामाला लागला. दिवे उचलायच्या! पण तो गावी आला की ऐकणाऱ्याला वाटावं, सिनेमा हाच काढतो. सगळ्या गोष्टींत 'आमच्यात'. आमच्यात चहा असा नसतो. आमच्यात उजेड असा नसतो. एकदा माझी आई चुलीवर नाचणीची भाकरी भाजत होती, तर हा जाळाकडे बघून म्हणाला, "ताय, ह्यो जाळ आमच्यात लाल कागद लावून करतात." आई म्हणाली, "त्यावर भाकर भाजते का?"

मी तेव्हा बारा वर्षांची होते. जिभेनं त्याहून मोठी, असं बा म्हणायचा. बा म्हणजे माझा बाप. भात आणि नाचणीची थोडी जमीन, दोन बैल, डोक्याला लाल मुंडासं. अंगाला कायम शेतात जाळायच्या राबाच्या धुराचा आणि तंबाखूचा वास. त्याचं एक होतं, डोळ्याला दिसेल तेवढंच तो बोलायचा. कोणी म्हटलं की यंदा पाऊस चांगला होणार, तर हा म्हणायचा, "झाला मंजी सांगतो." असल्या माणसाचा मेव्हणा सिनेमावाला. दोघं एका ओटीवर बसले की मला आधीच कपाळाला हात लावावासा वाटायचा.

त्या चैत्रात मामा खर्डीहून डोंगर तुडवत आला तो काखेत एक पत्र्याची पेटी घेऊनच. त्याच्या कंपनीला आमच्याकडचे डोंगर पसंत पडले होते. मागाहून लॉरी येणार, साहेब येणार, नाच-गाण्याची माणसं येणार. माणसं आणि जागा ठरवायला मामाला पुढं पाठवलेला. आणि पेटीत काय? तर कागद. लाल, पिवळे, निळे, हिरवे. दर दोन कागदांमध्ये एक पातळ पांढरा कागद, त्यावर पावडर भुरभुरवलेली. मामानं झाकण उघडलं तेव्हा सरसासारखा मंद वास आला. एक पिवळा कागद त्यानं दोन बोटांत उचलून दारातल्या उन्हासमोर धरला आणि आमची शेणानं सारवलेली ओटी एकदम हळदीची झाली. आईच्या हातावर, सुपातल्या तांदळावर, मांजरावर, सगळ्यांवर हळद. मी तो रंग धरायला हात पुढं केला. त्या एका क्षणासाठी मामाला सगळं माफ करायला हरकत नव्हती. पण त्याला गप्प बसवेल तर ना!

"शिवू नको गो!" तो माझ्यावर ओरडला. "बोटाचा घाम लागला तरी वितळतो. इलायती माल हाय."

"सिनेमा तर काळा-पांढरा असतो, तूच बोल्लास. मग रंगीत कागद कशाला?"

"तुला नाय कळायचं."

मला वाटतं, तेव्हा त्यालाही कळत नव्हतं.

"कशाचा करतात रे ह्यो कागद?" आईनं विचारलं.

इथं तरी त्यानं गप्प बसावं की नाही? पण शहाणपणा दाखवायची संधी सोडेल तर तो मामा कसला. "हाडं नि खुरं उकळून रस काढतात, ताय. मग त्याचा पापड."

आईचा हात सुपात थांबला. "कुनाची हाडं?"

मामा आढ्याकडे बघायला लागला.

ती पेटी त्याच क्षणी घराबाहेर गेली. मामानं हातापाया पडून तिच्यासाठी गोठ्यात, बैलांच्या दावणीवर फळी मागून घेतली. चार दिवस ती तिथं राहिली, आणि पाचव्या दिवशी मामानं झाकण उघडलं तेव्हा झुरळांची एक पलटण बाहेर पडली. निळे आणि पिवळे कागद गोठ्याच्या दमटपणानं एकमेकांना चिकटून त्यांचा हिरवा गोळा झालेला. हिरव्याला मुंग्या लागलेल्या. मामा तिथंच शेणात बसून रडायला लागला. "साहेब मला हाकलणार, ताय! साहेबाचा जीव हाय त्यात!"

"मग जीव पेटीत कशाला घालून ठेवतो त्यो?" बा म्हणाला आणि बैल सोडून घेऊन गेला.

एक लाल कागद तेवढा वाचला. तो पेटीत नव्हताच. मुरबाडच्या बाजारात लोकांना दाखवायला मामानं तो एका वहीत घालून खिशात ठेवला होता. त्याच्या बढाईखोरपणानं आयुष्यात एकदाच काहीतरी वाचवलं, आणि तेही नेमकं ते, जे वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

*

लॉरी आली, साहेब आले. मुख्य साहेब बुटके आणि घसा बसलेले. कॅमेऱ्याचे साहेब उंच, शांत. ते दोघं बाहेर बोलत होते आणि आम्ही आत कान लावून बसलो होतो, मामाची नोकरी जाते की राहते म्हणून. कॅमेऱ्याचे साहेब म्हणाले, पिवळा असता तर ढग छान उठले असते, आता ते नाही. पण लाल आहे ना? मग रात्रीचा प्रसंग उरकून घेऊ.

प्रसंग असा, की सिनेमातली बाई रुसून डोंगरात निघून गेलेली, आणि गावकरी रात्री कंदील घेऊन तिला शोधतात. एवढा डोंगर उजळायचा तर दिवे कुठून आणणार? त्यापेक्षा भर दुपारी, सूर्य माणसांच्या पाठीशी ठेवून, कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लाल कागदाचा तुकडा लावायचा. निळं आभाळ काळं येतं. ऊन चांदण्यासारखं येतं. मामानं हे आम्हाला असं सांगितलं, जणू त्याचंच डोकं.

गावामागच्या टेपावरून, म्हणजे टेकाडावरून, उतरायला गावातले वीस पुरुष पाहिजे होते. एकोणीस मिळाले. विसावा बा.

"दाजी, कंदील घ्या नि त्या टेपावरनं खाली या. बास."

"आता?"

"हां, आता."

"डोक्यावर ऊन हाय."

"सिनेमात रात हाय, दाजी."

"हितं नाय ना."

मामा हात जोडून उभा, मुख्य साहेब घड्याळ बघतायत, एकोणीस माणसं पेटवलेले कंदील धरून घामानं निथळतायत. शेवटी आईनं दारातून सांगितलं, "घ्या ना कंदील. माझ्या भावाची लाज राखा." बानं तिच्याकडे बघितलं आणि कंदील घेतला. आईसाठी तो दुपारला रात्र म्हणायला तयार झाला. एवढं एकच खोटं त्यानं केलं, माझ्या माहितीत.

मग सुरू झाला तो वैताग! पहिल्यांदा माणसं निघाली तर वाडीवरचं एक कुत्रं त्यांच्या पुढं धावलं. दुसऱ्यांदा आमच्या काकानं राब पेटवलेला, त्याचा धूर डोंगरभर. पेरणीआधी शेतात पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, तो राब. मुख्य साहेब बसलेल्या घशानं ओरडतायत, "धूर बंद करा, धूर बंद करा!" काका म्हणतो, "पेटलेला राब कसा बंद करू? तुमी उद्या काढा ना रात." मी हसले तर मामानं माझ्याकडे असं बघितलं, की राब मीच पेटवला. तिसऱ्यांदा एकाचा कंदील पडला. चौथ्यांदा सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसली.

त्या मधल्या वेळात कॅमेऱ्याच्या साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि कागदाचा उरलेला तुकडा माझ्या डोळ्यांपुढं धरला. ते मी कधी विसरणार नाही. हिरडा, आंबा, करवंदी, सगळा हिरवा रंग काळा पडला. आभाळ जड झालं, खाली उतरलं. टेपावर वीस माणसं उभी होती, त्यांच्या कडा तेवढ्या उजळ. आणि बाचं लाल मुंडासं? ते मी शोधत राहिले. लाल कुठंच नव्हतं. त्याच्या डोक्याला पांढरंफेक काहीतरी होतं. मी कागद बाजूला केला, तर लाल. पुन्हा धरला, पांढरं. मला एकदम भीती वाटली. का, ते सांगता येत नाही.

पाचव्यांदा सगळं जुळलं. कुत्रं बांधलेलं, धूर वाऱ्यानं पलीकडे गेलेला, कोणी हसलं नाही. माणसं कंदील उंच धरून टेपावरून खाली यायला लागली. समोर मामा चकचकीत पत्र्याचा मोठा फळा धरून उभा होता. त्यावरून ऊन उलटं त्यांच्या अंगावर पाडायचं, म्हणजे माणसं अगदीच काळी येत नाहीत. मामाचा हात हलला आणि तिरीप थेट बाच्या डोळ्यांत गेली. बानं काय करावं? डावा हात कपाळावर आडवा धरला. शेतात उभा राहून लांबचं बघताना धरायचा तसा.

"अरे, रात्री कुणी डोळ्यांवर हात धरतं का?" मुख्य साहेब किंचाळले. "रात्रीचं ऊन लागतं का तुम्हाला?"

"रातचं नाय लागत," बा म्हणाला. "आता लागतंय."

कॅमेऱ्याच्या साहेबांनी वर बघितलं. सूर्य कलत होता आणि डब्यातली फिल्मची पट्टीही संपत आली होती. "राहू द्या," ते म्हणाले. "अंधारात कुणाला दिसतंय."

जायच्या आधी कंपनीचा फोटोवाला आमच्या अंगणात आला. चांगला माणूस. आमच्या विहिरीचं पाणी सगळ्यांना पुरलं म्हणून म्हणाला, तुमच्या घराचा एक फोटो काढून देतो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. माझी वेणी घातली. बा तोंड धुऊन, मुंडासं नीट बांधून, तुळशीजवळ येऊन उभासुद्धा राहिला. आणि मामा म्हणाला, "फोटो कशाला, दाजी? फोटो काय, नुसता भिताडाला लटकतो. तुमी तर सिनेमात आलात! चालता, हलता!" लॉरीवाला तिकडे भोंगा वाजवत होता. बाला काय, तेवढंच पाहिजे होतं. "बरं हाय," तो म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. फोटोवाल्यानं तीन पायांची घोडी मिटली. आई लुगड्याचा पदर हातात धरून उभी राहिली.

मी ते अंगण अजून बघते. तुळशीपुढची ती रिकामी जागा.

*

त्यानंतरच्या दुसऱ्या भादव्यात बा गेला. कशानं, कसा, ते सांगत बसत नाही. भात पोटरीला आलं होतं. घरात पाच दिवस कडू काढ्याचा वास होता, मग उदबत्तीचा, मग कसलाच नाही. त्याचं घोंगडं आईनं धुतलं नव्हतं. त्यात धुराचा वास होता, तो हळूहळू कमी होत गेला. दर दोन-चार दिवसांनी मी तोंड खुपसून बघायची. दिवाळीपर्यंत नुसत्या लोकरीचा वास राहिला.

माघातल्या एका सकाळी आई जात्यावर नाचणी दळत होती. दळता दळता थांबली. मला वाटलं, जात्यात खडा आला.

"मला त्याचं तोंड आठवंना गो," ती म्हणाली.

"कुनाचं?"

"तुझ्या बाचं. मुंडासं दिसतंय, खांदा दिसतोय. तोंडाच्या जागी काय नाय."

खरं सांगायचं तर माझंही तसंच व्हायला लागलं होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच महिन्यात मामा आला. या वेळी पेटी नव्हती आणि 'आमच्यात'ही नव्हतं, कारण स्टुडिओतली माणसं कमी केली होती. पण बातमी आणली होती. तो सिनेमा तंबूवाल्यांकडे आलाय, मुरबाडला तंबू लागलाय, चार दिवस आहे.

काका म्हणाला, "वरीस झालं नाय अजून. नवरा गेलेली बाय तंबूत जाऊन बसणार? लोक काय बोलतील?"

आईनं कधी काकाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "माझा नवरा हाय तिथं," ती म्हणाली. "मी भेटाया चाललेय. बैल जुंपता का चालत जाऊ?"

काकानं बैल जुंपले.

मुरबाडचा तंबू म्हणजे चहूबाजूंनी किंतान आणि वर आभाळाच्या रंगाचं फाटकं कापड. बाहेर इंजिनाची धडधड, तेलाचा वास, भजी तळल्याचा वास. दिवेलागणीचा खेळ. जमिनीवर बसायचं. मधे दोरीवर चादर टाकून बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. मामा चादरीच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे. म्हणजे ज्याला सगळं ठाऊक, तोच नेमका पलीकडे.

सिनेमा काय होता, ते आजही मला सांगता येणार नाही. आम्ही फक्त वाट बघत होतो. मग ती बाई रुसली, डोंगरात गेली. पडद्यावर रात्र झाली. आमचा टेप! आमचा हिरडा! आई माझा हात घट्ट धरून पुढं झुकली. कंदील घेऊन माणसं उतरायला लागली, आणि सगळ्यांची मुंडाशी पांढरी. वीसच्या वीस. पांढरी होती ती पांढरी, आणि लाल होती तीही पांढरी. आम्ही दोघी बाचं लाल मुंडासं शोधतोय. काळ्या-पांढऱ्यात लाल कसं शोधायचं, हे तरी कुठं ठाऊक होतं? काळपट असेल म्हणून काळपट शोधतोय.

तेवढ्यात चादरीपलीकडून मामा ओरडला, "ताय! लाल असतंय ना, त्ये पांढरं येतं!"

"गप रे!" चार माणसं त्याच्यावर खेकसली. तो गप्प होईपर्यंत पडद्यावर सकाळ झाली होती आणि बाई सापडली होती.

बाहेर आल्यावर मी मामाला म्हटलं, "हे आधी नाय सांगता आलं?" तो म्हणाला, "मला आता आठवलं गो." आता आठवलं! मी स्वतः त्या कागदातून बघितलं होतं, मला तरी कुठं आठवलं? पण बारा वर्षांच्या पोरीनं विसरणं वेगळं आणि दिव्यांच्या माणसानं विसरणं वेगळं, असं मी तेव्हा ठरवलं. चौदा वर्षांची झाले होते. न्याय करायला तेवढं वय पुरतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आई सकाळपासून जेवली नव्हती. पुन्हा बाई रुसली, पुन्हा रात्र झाली. माणसं उतरायला लागली. आणि पुरुषांच्या बाजूला कोणीतरी मोठ्यानं हसलं. "अरे, बघ बघ त्यो! रातीचं ऊन लागतंय त्याला!" मग सगळा तंबू हसायला लागला.

उजवीकडून तिसरा माणूस. एका हातात कंदील, दुसरा हात कपाळावर आडवा.

आई उभी राहिली.

"त्यो बघ," ती म्हणाली. "त्यो बघ तुझा बा."

मागच्या बायका ओरडल्या, "बस की गो, आमाला दिसंना!" ती बसली नाही. पडद्यावर बा चार पावलं चालला. तोंड दिसलंच नाही. तोंडावर हात! सगळ्या डोंगरात ज्याच्यामुळे तो ओळखू आला, त्याच हातानं त्याचं तोंड झाकलेलं. कॅमेऱ्याचे साहेब, मुख्य साहेब, तो कागद, तो पत्र्याचा फळा, त्यांतल्या कोणाचा गळा धरावा हे मला कळेना. सूर्य होता. एवढा लख्ख सूर्य होता त्या दिवशी! बाच्या कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या असत्या. आणि त्याची यांनी रात्र केली.

आई मात्र वेगळीच झाली होती. मुक्कामाला नातेवाइकांच्या घराकडे चालताना तिनं मला सांगितलं, "मी भाकर घेऊन बांधावर यायची ना, तवा त्यो असाच बघायचा. हात असा. मी जवळ गेले की हात खाली घ्यायचा."

"तोंड आठवलं?"

"हां," ती म्हणाली. "हात खाली घेतला त्यानं."

*

तंबू मुरबाडहून शहापूरला जाणार होता. आई म्हणाली, "मला माहेरी खर्डीला जायचंच हाय. वाटेत शहापूर हाय." काकानं बैलांचा कासरा मामाच्या हातात दिला. गाडी, मामा, आई, मी. दिवसभर चाकांचा आवाज आणि फुलायला लागलेला पळस. मामा अख्ख्या वाटेत एक शब्द बोलला नाही, आणि मला तोही राग. इतकी वर्षं बोलून डोकं उठवलंस, आता बोल ना काहीतरी!

शहापूरच्या तंबूत आम्ही पुढं बसलो. या वेळी आई शांत होती, जेवून आली होती. बाई रुसली. रात्र झाली. आमचा टेप दिसला. माणसं वर उभी होती, कंदील हातात. आणि पडदा थरथरला, एक पांढरी रेघ आडवी गेली, आणि सकाळ झाली. बाई सापडली.

आई अजून पुढं झुकून बसली होती.

खेळ सुटल्यावर मी थेट यंत्रवाल्याकडे गेले. "आमचा माणूस कुठाय?" तो बिचारा चाक फिरवून पट्टी गुंडाळत होता. म्हणाला, मुरबाडच्या शेवटच्या खेळाला तिथंच तुटली, जळलीसुद्धा. चार-पाच हात कापून टाकली आणि जोडली. एवढ्यानं सिनेमाला काही होत नाही. कापलेलं कुठाय, म्हटलं. तो म्हणाला, "तिथंच टाकलं, बाय. त्याचं काय करायचं?"

मी त्याला काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. आईनं मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल," ती म्हणाली. "त्याला काय म्हायती."

दुसऱ्या दिवशी सकाळी खर्डीच्या वाटेला लागलो. एका ओढ्याशी गाडी सोडली. आईनं फडकं सोडलं, भाकरी, लसणाची चटणी, कांदा. मामा लांब एका दगडावर बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

"दामू, ये. जेव."

"नको, ताय. त्या दिवशी फोटो काढू दिला असता तर... मीच नको बोल्लो. मला वाटलं..."

आई उठली, भाकरीचा तुकडा घेऊन त्याच्यापाशी गेली आणि लहान पोराला भरवावा तसा त्याच्या तोंडात घातला. "तुला काय ठावं होतं? तू कंदील दिला नसतास तर त्येवढाबी दिसला नसता. जेव आता."

मामा भाकरी चावत चावत रडत होता. मग तो माझ्याकडे आला. ओढ्याच्या पाण्यात हात धुऊन, ओल्या हातानं माझ्या डोक्याला हात लावायला गेला. मी डोकं बाजूला घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून गाडीत जाऊन बसले.

खर्डी येईपर्यंत त्यानं मला तीन वेळा हाक मारली. मी बैलांच्या शिंगांकडे बघत राहिले. वळले नाही.